हेरखात्याचे नाव आणि त्याचा अधिकार

जपानी भाषेत गुप्तचर यंत्रणेला काय म्हणतात, या प्रश्नाचे कोशातले उत्तर दोन शब्दांत संपते: ज्योऽहोऽ किकान. गंमत अशी की जपानच्या एकाही प्रमुख हेरखात्याच्या नावात हे दोन शब्द एकत्र येत नाहीत. पंतप्रधानांसाठी काम करणारे खाते आहे नाइकाकु ज्योऽहोऽ च्योऽसाशित्सु, शब्दशः मंत्रिमंडळाचे माहिती-चौकशी कार्यालय. रोजच्या बोलण्यात त्याचे नुसते ‘नाइच्योऽ’ होते. कायदा मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे कोऽआन च्योऽसाच्योऽ, म्हणजे सार्वजनिक सुरक्षा चौकशी संस्था. संरक्षण मंत्रालयाचे आहे ज्योऽहोऽ होम्बु, माहिती मुख्यालय. पोलिसांच्या सुरक्षा शाखा आणखी वेगळ्या. यांपैकी कोणीही काही केले तरी मराठी मथळा एकच पडतो: ‘जपानी गुप्तचर यंत्रणेची कारवाई’. यांतल्या कोणाला अटक करता येते आणि कोणाला फक्त प्रश्न विचारता येतात, हे त्या मथळ्यावरून कळत नाही. जपानी नावावरून मात्र ते बऱ्याच अंशी कळते. हेरखात्याचे नाव आपल्या भाषेत आणताना आधी त्या खात्याचा कायदेशीर अधिकार पाहावा आणि मग प्रतिशब्द निवडावा, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. त्यासाठी लागणारे शब्द मराठीत जुनेच आहेत. आपण ते एकाच पोत्यात भरून ठेवले आहेत.

हा प्रश्न ठाण्याच्या कोलशेतच्या संदर्भात विचारायला कारण आहे. कोलशेतला हवाई दलाचे केंद्र आहे. १९२३ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टच्या व्याख्येप्रमाणे असे प्रत्येक लष्करी ठिकाण ‘निषिद्ध स्थान’ ठरते, आणि या परिसरात तर आता गृहसंकुलांचे मनोरे उभे राहिले आहेत. खाडी ओलांडली की भिवंडी तालुका: काठावर काल्हेर, पुढे अंजूर. याच अंजूर-भरोडी पट्ट्यात मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या ठाणे डेपोची जागा आहे. तंत्र जपानच्या शिंकान्सेनचे, मोठे कर्ज ‘जायका’ या जपानच्या सरकारी सहकार्य संस्थेचे. म्हणजे जपानी कागद वाचणारी आणि जपानी अभियंत्यांशी बोलणारी माणसे या भागाला लागणार. त्यातच जपानने मे २०२४ मध्ये केलेला आणि मे २०२५ पासून अमलात आलेला आर्थिक सुरक्षेचा नवा कायदा महत्त्वाची माहिती हाताळणाऱ्या खासगी कर्मचाऱ्यांचीही पार्श्वभूमी तपासण्याची तरतूद करतो. उद्या एखाद्या बैठकीत ‘च्योऽसा’ हा शब्द निघाला आणि दुभाष्याने त्याचा अर्थ ‘पोलीस तपास’ असा सांगितला, तर बैठकीचा रंगच पालटेल. तो शब्द चौकशीचा आहे, पाहणीचा आहे, बेड्यांचा नाही.

उच्चारातली अडचण

जपानी उच्चार मराठी जिभेला फारसे जड जात नाहीत, पण या विषयातले शब्द नेमके दोन अक्षरांवर अडखळायला लावतात: ज आणि च. मराठीत या दोन्ही अक्षरांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि लिहिताना आपण फरक दाखवत नाही. ‘जोहो’ असे लिहिले की मराठी वाचक ते ‘जोर’, ‘जोडा’ यांतल्या दंततालव्य ज ने वाचणार. जपानी उच्चार मात्र ‘ज्योत’मधल्या तालव्य ज चा आहे, म्हणून ‘ज्योऽहोऽ’ असेच लिहिलेले बरे. तेच च चे. हेरगिरीसाठीचा जुना शब्द ‘चोहो’ असा छापला तर तो ‘चोर’मधल्या च ने वाचला जाईल, हवा आहे ‘त्याच्या’मधला च, म्हणून ‘च्योऽहोऽ’. उलट ‘शित्सु’मधला त्सु, म्हणजे कार्यालय या अर्थाच्या प्रत्ययातला, इंग्रजी वळणाने शिकणाऱ्याला अवघड जातो, पण मराठीत तो ‘चूल’ आणि ‘चुना’ यांच्या पहिल्या अक्षरात तयारच आहे. अवग्रहाचे चिन्ह इथे शोभेसाठी वापरलेले नाही. जपानीत स्वर किती वेळ लांबवला यावर शब्द बदलतो, आणि मराठी ओ एकाच मापाचा असल्यामुळे ती लांबी आपल्याकडून सहज सुटते.

उच्चार बरोबर जमला तरी काम संपत नाही, कारण जपानीत समोच्चारी शब्द फार. ‘किकान’ म्हणजे संस्था किंवा यंत्रणा. पण तोच उच्चार कालावधीचा, मायदेशी परतण्याचा, शरीरातल्या अवयवाचा आणि त्रैमासिकाचाही आहे. ‘कोऽआन’ म्हणजे सार्वजनिक सुरक्षा. झेन गुरू शिष्याला घालतो त्या कोड्याचे नावही कोऽआन. ‘च्योऽहोऽ’ म्हणजे हेरगिरी, आणि हाताशी असावी अशी उपयोगी वस्तूही. ऐकणाऱ्याला अर्थ संदर्भावरून लागतो, वाचणाऱ्याला चित्रलिपीवरून. यातून मराठी भाषांतरकाराने घ्यायचा धडा साधा आहे. जपानी हेरखात्याचे नाव देवनागरीत नुसते लिप्यंतर करून सोडले तर वाचकाच्या हाती काहीच पडत नाही. उच्चार द्यावा, पण अर्थाची ओळ सोबत हवीच.

बातमी आणि ज्योऽहोऽ: एकाच वाटेचे दोन प्रवासी

‘ज्योऽहोऽ’ हा शब्द आज जपानीत माहितीसाठी सर्रास वापरला जातो. संगणकशास्त्राच्या विभागांच्या नावांत तो असतो, माहितीयुगाचे वर्णन १९६० च्या दशकापासून याच शब्दाने होते. जन्माने मात्र तो लष्करी आहे. १८७६ साली एका फ्रेंच लष्करी पुस्तिकेच्या जपानी भाषांतरात तो आढळतो, आणि तिथे त्याचा अर्थ शत्रूची स्थिती कळवणारे वृत्त असा आहे. त्यातली दोन चिन्हे म्हणजे परिस्थिती आणि वृत्त. पुढे युद्धकाळात त्याला आणखी एक रंग चढला: डिसेंबर १९४० मध्ये स्थापन झालेल्या ‘ज्योऽहोऽक्योकु’ या सरकारी कार्यालयाचे काम प्रचाराचे आणि वृत्तपत्रांवर नजर ठेवण्याचे होते. शत्रूची बातमी, मग सरकारी प्रचार, मग संगणकातली माहिती, असा या शब्दाचा सुमारे नव्वद वर्षांचा प्रवास.

मराठीतल्या ‘बातमी’ने हाच रस्ता आधी कापला आहे. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या बहिर्जीचा उल्लेख जासूद म्हणून येतो, आणि जासुदाचे काम बातमी आणण्याचे. पेशवाईच्या पत्रव्यवहारातली बातमी ही फौजेची, घाटाची, रसदेची आणि दरबारातल्या मसलतीची असते. ठाण्याच्या खाडीवर तर याचे ठसठशीत उदाहरण आहे. मार्च १७३७ च्या अखेरीस चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणे घेतले तेव्हा पोर्तुगीजांच्या किल्ल्याचे बांधकाम अजून पुरे झालेले नव्हते. असा मोका साधायचा तर तिथल्या तटबंदीची, शिबंदीची आणि खाडीच्या उताराची खबर वेळेवर हाती असावी लागते. खाडीपलीकडच्या अंजूरचे नाईक घराणे, विशेषतः गंगाजी नाईक, पोर्तुगीज मुलखाची माहिती मराठ्यांपर्यंत पोचवण्यात आणि मोहिमेसाठी आग्रह धरण्यात पुढे होते. त्यानंतर दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, वसई पडली. या साऱ्या काळात बातमी म्हणजे राज्यकारभाराचे हत्यार होते.

पुढे वृत्तपत्रे आली, बातमी चव्हाट्यावर आली आणि बातमीदार म्हणजे वार्ताहर झाला. तरी जुना अर्थ मेला नाही. आजही पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक उघडावे, त्यात हमखास असते: ‘गुप्त बातमीदारामार्फत मिळालेल्या खात्रीलायक बातमीच्या आधारे सापळा रचण्यात आला.’ तो कागद घेऊन ज्याने मजकूर लिहायचा तोही बातमीदार, आणि त्या कागदात ज्याचे नाव झाकलेले तोही बातमीदार. पोलीस ठाण्यातल्या ‘गोपनीय’चे काम बघणाऱ्या अंमलदाराला या दोघांतला फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. म्हणजे कच्ची, अजून न तपासलेली खबर या अर्थाचा रोजच्या वापरातला शब्द मराठीत आहे. तो कोशकारांनी घडवला नाही; खात्यानेच तो टिकवला.

यंत्रणा आणि किकान

‘किकान’ची गोष्ट वेगळ्या कारणाने मराठी वाचकाच्या जवळची आहे. हा शब्द मुळात यंत्राचा. रेल्वे इंजिनाला जपानीत ‘किकानश्या’ म्हणतात. यंत्रावरून संस्था असा अर्थ तिथे झाला, आणि आपल्याकडे यंत्रावरून ‘यंत्रणा’ झाली. म्हणून ‘गुप्तचर यंत्रणा’ आणि ‘ज्योऽहोऽ किकान’ हे एकमेकांचे जवळजवळ जुळे शब्द आहेत. भारतीयांशी किकानची गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धात. मेजर इवाइचि फुजिवारा यांच्या ‘एफ किकान’ने १९४१ च्या अखेरीस मलायात मोहन सिंग यांच्याशी संधान बांधले आणि त्यातून पहिली आझाद हिंद सेना उभी राहिली. नंतर इवाकुरो किकान आली, तिच्या जागी ‘हिकारी किकान’, म्हणजे प्रकाश यंत्रणा. सुभाषबाबूंच्या हंगामी सरकारात लष्कराचे प्रतिनिधी असलेले सावंतवाडीकडचे जगन्नाथराव भोसले यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या काळात जपानी बाजूशी चालणाऱ्या व्यवहाराचे दार हेच होते. कागदोपत्री हिकारी किकान संपर्क कार्यालय. प्रत्यक्षात ती जपानी लष्कराच्या हेरखात्याच्या परंपरेतली तुकडी. नावात संपर्क आणि कामात पाळत, ही जोडी आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांना चांगलीच जाणवली. जपानी वर्चस्वाबद्दलचे त्यांचे खटके याच चौकटीत उडत राहिले.

युद्धानंतर हा सगळा शब्दसंग्रह जपानमध्ये बदनाम झाला. राजकीय विचारांवर पाळत ठेवणारे ‘तोक्कोऽ’ पोलीस १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये बरखास्त झाले, लष्करी पोलिसांचे ‘केम्पेइताइ’ गेले, हेर तयार करणारी नाकानो शाळा सैन्याबरोबर संपली. ‘च्योऽहोऽ’मधले हेरगिरीचे चिन्ह १९४६ च्या नित्योपयोगी १८५० चिन्हांच्या यादीत नव्हते, आणि २०१० ला यादी २१३६ वर गेली तेव्हाही ते आत आले नाही. त्यामुळे तो शब्द छापायचा तर अर्धा उच्चारलिपीत लिहावा लागतो किंवा शेजारी उच्चार द्यावा लागतो. १९५२ साली देश पुन्हा सार्वभौम झाला आणि हेरखाती पुन्हा उभी करायची वेळ आली, तेव्हा सरकारने निवडलेला शब्द होता ‘च्योऽसा’: पाहणी, अभ्यास, चौकशी. त्या एप्रिलमध्ये पंतप्रधान कार्यालयात नुसती ‘चौकशी-कक्ष’ अशी शाखा निघाली. जुलैत कोऽआन च्योऽसाच्योऽ. पंतप्रधानांच्या खात्याच्या नावात ‘ज्योऽहोऽ’ शिरायला १९८६ साल उजाडावे लागले. संरक्षण खात्याचे माहिती मुख्यालय तर १९९७ चे. या तारखा एका ओळीत लावल्या की युद्धोत्तर जपानचा हेरगिरीविषयीचा संकोच किती हळू ओसरला हे दिसते.

च्योऽसा आणि सोऽसा, चौकशी आणि तपास

या संकोचाला कायद्याचा कणा होता, म्हणून तो महत्त्वाचा. जपानी कायद्यात ‘सोऽसा’ म्हणजे गुन्ह्याचा तपास; तो पोलीस आणि सरकारी वकील करतात, आणि न्यायालयाच्या वॉरंटने अटक, झडती, जप्ती करू शकतात. ‘च्योऽसा’ला हे अधिकार नाहीत. कोऽआन च्योऽसाच्योऽचा अधिकारी माणसांशी बोलतो, कागद गोळा करतो, अंदाज बांधतो. पण बळजबरी करू शकत नाही. या भेदाची कसोटी १९९५ च्या सारिन हल्ल्यानंतर लागली. तो हल्ला करणाऱ्या ओम शिनरिक्यो पंथावर बंदी घालावी असा अर्ज याच खात्याने केला, आणि जानेवारी १९९७ मध्ये संबंधित आयोगाने तो फेटाळला. मग १९९९ मध्ये वेगळा कायदा करून, ठरावीक संघटनांच्या जागेत शिरून पाहणी करण्याचा अधिकार खात्याला दिला गेला. अधिकार वाढवायचा तर कायदा करावा लागला, आणि तो कोणत्या संघटनांपुरता हे त्यात लिहावे लागले. नाव च्योऽसाच राहिले, पण च्योऽसाची हद्द किती हे संसदेत ठरले.

आता मराठीकडे वळू. आपल्याकडे महाराष्ट्राच्या खात्याचे अधिकृत नाव राज्य गुप्तवार्ता विभाग. ते बातमी गोळा करून शासनाला कळवते. गुन्हा नोंदवणे आणि अटक करणे हे पोलीस ठाण्याचे काम. महसूल गुप्तवार्ता संचालनालयाच्या नावातही गुप्तवार्ताच आहे, पण त्याचे अधिकारी १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली थेट अटक करतात. शब्द एक, अधिकार दोन. सीबीआय मराठीत केंद्रीय अन्वेषण विभाग आणि एनआयए राष्ट्रीय तपास यंत्रणा. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी एकच शब्द आहे, आणि मराठीत एकीकडे अन्वेषण, दुसरीकडे तपास. गुन्हे अन्वेषण विभाग म्हणजे सीआयडी; पण इंग्रजी अमदानीत या खात्याने राजकीय कार्यकर्त्यांवर पाळत ठेवली, त्यामुळे ‘तो सीआयडी आहे’ याचा गावातला अर्थ आजही साध्या वेशातला हेर असाच होतो. ईडीचे तर सक्तवसुली संचालनालय झाले. परकीय चलनाच्या नियमांची अंमलबजावणी करायला १९५६ साली निघालेल्या या खात्याला वसुलीचा शिक्का बसला तो कोशातला एक पर्याय उचलल्यामुळे. ‘अंमलबजावणी संचालनालय’ हे नावही छापले जाते, पण लोकांच्या तोंडी वसुलीच रुळली आहे.

कच्ची खबर आणि तोललेली वार्ता

अधिकाराइतकाच दुसरा भेद महत्त्वाचा: कच्ची खबर आणि तोलून पाहिलेले अनुमान. तो आधुनिक वाटतो, पण कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तीन हेरांचे म्हणणे जुळले तरच विश्वास ठेवावा अशी सूचना आहे. त्याच ग्रंथात एका जागी बसून काम करणाऱ्या हेरांच्या वर्गाला ‘संस्था’ म्हटले आहे आणि फिरत्यांना ‘संचार’. बातमीची छाननी ही बातमी आणण्याइतकीच मोठी जबाबदारी आहे, हे त्या काळातही लक्षात आले होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने नेमक्या याच जागेवर बोट ठेवले. केंद्राकडून आलेल्या इशाऱ्यांची छाननी आणि पाठपुरावा यांत मंत्रालयापासून पोलिसांपर्यंत गोंधळ असल्याचे तिने नोंदवले. खबर नव्हती असे नाही. खबर होती, पण ती तोलून, जबाबदार माणसाच्या हाती, कामाच्या रूपात पोचली नाही.

जपानी भाषेलाही ही अडचण आहे. ज्योऽहोऽ हा एकच शब्द कच्च्या माहितीलाही चालतो आणि तोललेल्या अनुमानालाही. म्हणून जाणकार मंडळी दुसऱ्या अर्थासाठी इंग्रजीवरून घेतलेला ‘इंतेरिजेन्सु’ वापरतात. मराठी वर्तमानपत्रे अशा वेळी ‘इनपुट’ आणि ‘अलर्ट’ लिहितात. पण मराठीला इथे उसने घ्यायची गरज नाही. न तपासलेली ती बातमी किंवा खबर, छाननी होऊन शासनापुढे जाते ती गुप्तवार्ता. हा भेद शब्दांत पाळला असता, तर ‘गुप्तचर यंत्रणांनी इशारा दिला होता’ या वाक्याची किंमत वाचकाला ठरवता आली असती. इशारा खबर होता की गुप्तवार्ता, हा पुढचा प्रश्न त्याने आपोआप विचारला असता.

जवळचे उदाहरण घ्यायचे तर मे २०२५ मधले घ्यावे. दहशतवादविरोधी पथकाच्या ठाणे युनिटने एका खासगी कंपनीतल्या तरुण अभियंत्याला, पाकिस्तानी हस्तकांना संवेदनशील माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक केली. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, म्हणून त्यात अधिक शिरायला नको. भाषेपुरते पाहू. अशा बातम्यांत ‘गुप्तहेर’, ‘हस्तक’, ‘हनीट्रॅप’, ‘गोपनीय माहिती’ हे शब्द एकाच परिच्छेदात येतात, आणि ज्या कायद्याखाली गुन्हा असतो त्याला कुठे शासकीय गुपिते अधिनियम, कुठे कार्यालयीन गुपिते कायदा, कुठे सरळ ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट म्हटले जाते. आरोपीला हेर म्हटल्याने तो परदेशाचा पगारी माणूस वाटतो; हस्तक म्हटल्याने दुसऱ्याच्या हातातले बाहुले. फसवून माहिती काढून घेतलेला माणूस यांतल्या कोणत्याच शब्दात बसत नाही. जपानी बातमीत परक्या राज्याच्या प्रशिक्षित माणसाला ‘कोऽसाकुइन’ आणि सुरक्षा पोलिसांना माहिती पुरवणाऱ्याला ‘क्योऽर्योकुश्या’, म्हणजे सहकार्य करणारा, असे वेगळे शब्द येतात. आपल्याकडे दुसऱ्यासाठी खबऱ्या आहे, आणि त्यात तुच्छता आहे, जी जपानी शब्दात नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप सोपा आणि म्हणून जोरकस: नावात काय आहे? लोक रॉ, आयबी, ईडी, एनआयए म्हणतात आणि कळायचे ते कळते. यात तथ्य आहे, पण अर्धे. संक्षेप खाते ओळखायला पुरतो, त्याचा अधिकार ओळखायला पुरत नाही. आयबीचा माणूस दारात उभा राहिला आणि एनआयएचा उभा राहिला, यांत घरातल्या माणसाच्या हक्कांच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. एनआयए २००८ च्या कायद्याने उभी आहे, तिला अटकेचा अधिकार आहे आणि तिच्या खटल्यांसाठी खास न्यायालये आहेत. आयबीची पाळेमुळे १८८७ पर्यंत जातात, पण तिच्यासाठी स्वतंत्र कायदा नाही आणि अटकेचा अधिकारही नाही. दोघांना एकाच ‘केंद्रीय यंत्रणे’त बसवले की हा फरक पुसला जातो आणि भीती तेवढी उरते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. जपानी ‘च्योऽसा’ हा सौम्य बुरखा आहे, असे कोणी म्हणेल. हेरगिरीला चौकशी म्हटल्याने ती निरागस होत नाही. आपल्याकडेही १९६८ साली परदेशी हेरगिरीसाठी काढलेल्या खात्याचे नाव संशोधन आणि विश्लेषण शाखा असेच ठेवले. हे मान्य. नाव लपवतेही. पण म्हणूनच भाषांतरकाराने नावामागचा अधिकार सांगितला पाहिजे. जपानी नाव मराठीत ‘गुप्तचर’ करून टाकले तर त्या बुरख्याची जागा आपला बुरखा घेतो. ‘सार्वजनिक सुरक्षा चौकशी संस्था, अटकेचा अधिकार नाही, १९९९ पासून ठरावीक संघटनांच्या जागेत पाहणीचा अधिकार’ असे म्हटले, की सौम्य नाव आणि त्यामागची ताकद दोन्ही वाचकासमोर येतात. सौम्य शब्दाचा खोटेपणा उघड करायचा तर तो शब्द जसाच्या तसा दाखवावा लागतो.

तिसरा आक्षेप मराठी भाषेच्या प्रेमातूनच येतो: गुप्तवार्ता, अन्वेषण हे शब्द कृत्रिम आहेत, कोणी बोलत नाही. हा आक्षेप अन्वेषणाला लागू पडतो. रोजच्या बोलण्यात सगळेच तपास म्हणतात, आणि तपास हाच शब्द अधिकृत कागदांतही वापरायला हरकत नाही. गुप्तवार्तेचे तसे नाही. हा शब्द खात्याच्या नावात आहे, पदांच्या नावांत आहे, पुण्यातल्या महाराष्ट्र गुप्तवार्ता प्रबोधिनीच्या नावात आहे. म्हणजे तो चालत्या गाडीतला शब्द आहे. त्याची खरी उणीव दुसरीच: ‘गुप्त’ हे विशेषण पुढे असल्यामुळे माहितीची किंमत तिच्या गुप्ततेवरून ठरते असे वाटते. मोर्च्याची परवानगी, सणातली गर्दी, निवडणुकीतला तणाव यांवरचे बरेच अंदाज उघड माहितीवरूनच बांधावे लागतात. जपानी ज्योऽहोऽमध्ये गुप्ततेचा लवलेश नाही, आणि त्या बाबतीत तो शब्द अधिक प्रामाणिक आहे. तरीही रुळलेला शब्द टाकून नवा घडवण्यापेक्षा त्याचा अर्थ नेमका करणे शहाणपणाचे: गुप्तवार्ता म्हणजे छाननी झालेली वार्ता, मग ती कोणत्याही मार्गाने आलेली असो.

या नेमकेपणाचा हिशेब शेवटी लोकप्रतिनिधींपाशी जातो. जपानने २०१३ मध्ये विशिष्ट गुपिते संरक्षण कायदा केला, तो डिसेंबर २०१४ मध्ये अमलात आला, आणि त्यासोबत संसदेच्या दोन्ही सभागृहांत आठ-आठ सदस्यांची देखरेख मंडळे आली. ती किती प्रभावी आहेत यावर तिथे वाद आहे, पण वाद घालायला एक मंडळ आणि त्याचा लेखी अधिकार तरी समोर आहे. आपल्याकडे गुप्तचर खात्यांना कायद्याची चौकट देणारे खासगी विधेयक मनीष तिवारी यांनी २०११ मध्ये मांडले. ते पुढे सरकले नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने ही खाती, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे अपवाद सोडता, कायद्याबाहेर ठेवली आहेत. ज्या खात्याचा अधिकार कायद्यात लिहिलेला नाही, त्याचे नाव नेमके भाषांतरित करणे अशक्यच होते. इथे भाषांतरकाराची अडचण आणि नागरिकाची अडचण एकच आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये जपानमधल्या सत्ताधारी युतीच्या करारात ‘कोक्का ज्योऽहोऽक्योकु’ उभारण्याचा, म्हणजे नाइच्योऽचा दर्जा वाढवून राष्ट्रीय पातळीवरचे खाते करण्याचा, मुद्दा आला. १९४० च्या प्रचार कार्यालयाच्या नावातला शब्द त्यात पुन्हा आहे, आणि जपानी वाचकाला तो खटकणे स्वाभाविक आहे. मराठी बातमीत याचे ‘जपानची सीआयए’ करणे सोपे आहे आणि चूकही. ‘राष्ट्रीय गुप्तवार्ता कार्यालय’ लिहावे, आणि लगेच पुढे तीन गोष्टी सांगाव्यात: ते कोणत्या कायद्याने उभे राहिले, त्याला अटकेचा किंवा झडतीचा अधिकार आहे का, आणि त्याच्यावर देखरेख कोणाची. हीच पद्धत राज्य गुप्तवार्ता विभागापासून महसूल गुप्तवार्तेपर्यंत आपल्या प्रत्येक खात्याला लावावी. जिथे या तीन प्रश्नांपैकी एखाद्याचे उत्तर मिळत नाही, तिथे बातमीदाराने तो प्रश्न मोकळा न सोडता बातमीतच छापावा.